कोलंबोचे पाळण्यातले नाव

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण करणाऱ्याला कुळाचे व मुळाचे वावडे होते असे नव्हे. ऋषीपाशी जावयाचे ते विद्येसाठी आणि नदीवर जावयाचे ते पाण्यासाठी. हा हेतू सोडून जो भलत्याच चौकशीत शिरतो त्याची विद्याही जाते आणि घागरही रिकामी राहते, एवढेच त्याला सुचवावयाचे असावे. या जुन्या म्हणीला तिसरे एक कलम जोडावे असे आम्हांस अलीकडे वारंवार वाटू लागले आहे. ते कलम असे : कथेतील पात्राचे पाळण्यातले नाव त्याच्या कर्त्याने सांगितले नसेल, तर ते विचारू नये.

हा विचार सुचण्यास निमित्त झाली ती ‘कोलंबो’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील खूनकथांची मालिका. नाव ऐकून कोणी श्रीलंकेतील बंदर डोळ्यांपुढे आणू नये. कोलंबो हा लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस खात्यात खुनांचा तपास करणारा एक लेफ्टनंट. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने त्याला जन्म दिला. १९६० साली दूरचित्रवाणीवरील एका नाट्यप्रयोगात बर्ट फ्रीड याने त्याचे सोंग प्रथम घेतले. १९६२ साली रंगभूमीवर टॉमस मिचेल याने ते वठवले. आणि १९६८ साली पीटर फॉक याने तो रेनकोट अंगावर चढवला तो असा, की पुढे पस्तीस वर्षे तो उतरलाच नाही. १९७१ ते १९७८ आणि पुन्हा १९८९ ते २००३, असे दोन्ही पर्वांचे मिळून एकोणसत्तर भाग झाले.

या मालिकेची घडण सामान्य रहस्यकथेच्या नेमकी उलट आहे. खून कोणी केला, कसा केला आणि बहुधा कशासाठी केला, हे प्रेक्षकाला आरंभीच दाखवून दिलेले असते. रहस्यकथा अशी उलटी मांडण्याची युक्ती ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ सालच्या आपल्या कथासंग्रहात योजली होती. लेव्हिन्सन व लिंक यांनी तिचे सोने केले. खून झाल्यावर पुष्कळ वेळाने कोलंबो येतो. चुरगळलेला रेनकोट, अर्धवट ओढलेला चिरूट, मोडकळीस आलेली फ्रेंच मोटार, खिशातून नेमका कागद कधीच न सापडणे, आणि निरोप घेऊन दारापर्यंत गेल्यावर ‘आणखी एकच विचारायचे राहिले’ म्हणत परत फिरणे, हा त्याचा सगळा सरंजाम. समोरचा खुनी मात्र कोणी नामांकित शल्यविशारद, वाद्यवृंदाचा संचालक, ग्रंथकार किंवा कोट्यधीश. मग बोलता बोलता कोलंबो आपल्या बायकोच्या गोष्टी सांगतो. तिला अमुक गाणे आवडते, तिच्या भावाचे तमुक झाले, वगैरे. ही बायको एकाही भागात प्रत्यक्ष दिसत नाही. त्याचे स्वतःचे पहिले नावही कोणी उच्चारीत नाही. त्याच्या कुत्र्याला तर नावच नाही. तो नुसता कुत्रा.

आता या तीन रिकाम्या जागा पाहून एका मोठ्या भक्तमंडळाच्या जिवाची तगमग सुरू झाली, आणि ती अद्यापि शमलेली नाही. नाव काय? बायको खरी की कल्पित? मेहुणे किती, पुतणे किती? एका भागात सांगितलेले दुसऱ्या भागाशी जुळत का नाही? या मंडळींना आम्ही ‘तपशीलपंथी’ म्हणतो. त्यांच्या चिकाटीविषयी आमची तक्रार नाही. ज्या वस्तूवर आपले प्रेम आहे असे ते सांगतात, त्या वस्तूकडेच त्यांनी पाठ फिरविली आहे, ही आमची तक्रार आहे. आणि याचा पुरावा आम्हांस बाहेरून आणावा लागत नाही. तो त्यांच्या पंथाच्या इतिहासातच नोंदलेला आहे.

फ्रेड वर्थ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९७४ साली किरकोळ माहितीचा एक कोश प्रसिद्ध केला. आपला माल कोणी चोरील ही त्याला धास्ती. म्हणून त्याने कोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरून ठेवली : लेफ्टनंट कोलंबोचे पहिले नाव ‘फिलिप’. मालिकेत या नावाला तिळमात्र आधार नव्हता. पुढे ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’, म्हणजे मराठीत ‘क्षुल्लकाचा पाठलाग’, असे प्रांजळ नाव धारण करणारा प्रश्नोत्तरांचा खेळ निघाला आणि त्यात हा ‘फिलिप’ अलगद येऊन बसला. वर्थने १९८४ साली तीस कोटी डॉलरांची फिर्याद ठोकली. खेळाच्या कर्त्यांनी त्याचे कोश वापरल्याचे नाकारले नाही. परंतु वस्तुस्थितीच्या माहितीवर कोणाची मालकी असत नाही, या तत्त्वावर निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९८७ साली वरच्या न्यायालयाने तो कायम केला आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.

हा खटला वकिलांना कसा वाटेल तो वाटो; वाचनकलेच्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष भयंकर आहे. कोलंबोचे नाव जाणून घेण्याची एवढी हौस होती, तर ते नाव मालिकेत आहे की नाही हे पाहण्याची हौस का नसावी? ‘फिलिप’ हे उत्तर तोंडपाठ करणाऱ्यांपैकी एकाला तरी कोलंबोच्या पद्धतीने दाराशी थबकून ‘आणखी एकच, हे तुम्ही कोठे पाहिलेत?’ असे विचारावेसे वाटले असते, तर ही खोटी नोंद कोशातच वाळून गेली असती. तपशिलाचे वेड म्हणजे सूक्ष्म अवलोकन, असा जो समज रूढ आहे त्यातील फोलपणा यावरून उघड होतो. अवलोकन करणारा वस्तूकडे पाहतो. संग्रह करणारा दुसऱ्याच्या संग्रहाकडे पाहतो.

येथे काही चोखंदळ तपशीलपंथी हसतील आणि म्हणतील, “फिलिप खोटे, हे आम्ही केव्हाच ओळखले. खरे नाव ‘फ्रँक’. १९७१ सालच्या एका भागात तो आपले ओळखपत्र पुढे करतो, त्यावर ते लिहिलेले आहे; १९७६ सालच्या भागातही आहे. चित्र थांबवून डोळ्यांनी पाहा.” ठीक, पाहिले. अक्षरे आहेत, यात वाद नाही. पण त्या अक्षरांना कथेत काही काम आहे काय? कोणी ती वाचीत नाही, कोणी त्या नावाने हाक मारीत नाही, त्यावाचून एकही दुवा अडत नाही. ओळखपत्र कोरे दिसू नये म्हणून त्यावर काहीतरी लिहावे लागते, आणि सामान सांभाळणाऱ्याने ते लिहिले. नाटकात राजाच्या हातातील खलित्यावर नटाने किराणा मालाची यादी लिहून आणली असेल, म्हणून राजाला गूळ-शेंगदाणे हवे होते असे का आपण समजावयाचे? चित्रपटातील प्रत्येक दृश्य वस्तू हे कर्त्याचे विधान नव्हे. कर्त्याचे विधान येथे अगदी स्पष्ट आहे, आणि ते म्हणजे त्याचे मौन.

हे मौन आळसाचे किंवा विसराळूपणाचे नाही. मालिकेचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. खुनी कोण हे ठाऊक असताना प्रेक्षक दीड तास खिळून का बसतो? कारण त्या दीड तासात एक रहस्य शिल्लक असते : हा कोलंबो कोण? तो खरोखर गबाळा आहे की गबाळेपण पांघरतो? बायकोची गोष्ट त्याला आठवली म्हणून तो सांगतो, की समोरच्याचा हात ढालीवरून सुटावा म्हणून सांगतो? खुन्याला वाटते, आपण या माणसाला पुरते ओळखले. बायकोच्या धाकातला, कसाबसा पगारावर दिवस काढणारा हा एक शिपाईगडी. याच ओळखीने त्याचा घात होतो. आपण प्रेक्षक खुन्यापेक्षा शहाणे असतो ते एवढ्याचसाठी की, आपण कोलंबोला ओळखत नाही हे आपल्याला कळलेले असते. इतर रहस्यकथांत खुनी झाकलेला असतो आणि शोधक उघडा. येथे खुनी उघडा आहे आणि शोधक झाकलेला. कोलंबोला त्याच्या घरी नेऊन, नाव विचारून, बायकोशी ओळख करून घेणे म्हणजे या मालिकेतले एकमेव रहस्य फोडणे होय. रहस्यकथेचा शेवट कोणी आधी सांगितला तर जे लोक त्याच्यावर हात उगारतील, तेच हे रहस्य फोडल्याचा अभिमान मिरवितात, ही मोठी गंमत आहे.

या कुळाचा एक पूर्वजही लक्षात घेण्याजोगा आहे. दोस्तोएव्हस्कीच्या १८६६ सालच्या ‘अपराध आणि शिक्षा’ या कादंबरीतील तपास-अधिकारी पॉर्फिरी पेत्रोविच याच्यावरून आपल्याला कोलंबो सुचला, असे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. तोही असाच गोड बोलून, भलतेसलते पुटपुटत, अपराध्याला त्याच्याच मनाच्या कोंडवाड्यात कोंडणारा. त्या अवाढव्य कादंबरीत पॉर्फिरीचे आडनाव कोठेही दिलेले नाही. एकाला आडनाव नाही, दुसऱ्याला पहिले नाव नाही. दोघांचेही काही अडले नाही.

मौन मोडले म्हणजे काय होते, याचा प्रयोगही होऊन गेला आहे. १९७९ साली प्रक्षेपण संस्थेच्या चालकांना वाटले की, ज्या बायकोचे नाव एवढे गाजते तिलाच रंगमंचावर आणावे. लेव्हिन्सन आणि लिंक या योजनेपासून दूर राहिले. तरी ‘मिसेस कोलंबो’ नावाची निराळी मालिका निघालीच. केट मलग्रू ही तेवीस वर्षांची नटी कोलंबोची पत्नी झाली. तेव्हा फॉकचे वय पन्नाशी ओलांडलेले. पण खरा दोष वयाचा नव्हता. प्रत्येक प्रेक्षकाने इतकी वर्षे मनात एक कोलंबोबाई बाळगली होती : कोणाची लठ्ठ, कोणाची तापट, कोणाची आपल्याच मावशीसारखी. पडद्यावर जी कोणी येती, ती या सर्वांहून निराळीच असती. लोकांनी तिला ओळखण्याचे नाकारले. मग चालकांनी मालिकेचे नाव एकामागून एक बदलले, नायिकेचा घटस्फोट केला, आडनाव बदलून ‘कॅलहॅन’ केले, आणि तेरा भागांनंतर १९८० साली सारा खेळ आटोपला. जिला आणण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिचे कोलंबोशी असलेले नातेच शेवटी पुसून टाकावे लागले! तपशीलपंथाचा याहून करुण पराभव आम्हांस ठाऊक नाही.

याच्या उलट १९९० सालचा एक भाग पाहावा. त्यात एक सूडाने पेटलेली स्त्री कोलंबोच्या बायकोलाच ठार मारण्याचा बेत करते. आता तरी बाई दिसणार, निदान तिचे चित्र तरी दिसणार, अशी प्रेक्षकाची खात्री होते. आणि चित्र दिसतेही. शेवटी कळते की, चित्र बायकोचे नसून मेहुणीचे. या युक्तीत खुनी स्त्री फसते आणि तिच्याबरोबर तपशीलपंथीही फसतात. पण यामुळे रसिक मात्र सुखावतो, कारण रिकामी जागा रिकामी राहिली.

मराठी वाचकाला तर यात अवघड वाटण्याचे कारण नाही. दोन-तीन पिढ्यांमागे आपल्या घरांत पतिपत्नी एकमेकांची नावे घेत नसत. ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’, ‘आमची मंडळी’ एवढ्यावर संसार चालत आणि कोणाविषयी बोलणे चालले आहे याविषयी कोणाच्याही मनात घोटाळा होत नसे. त्या रूढीचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. परंतु न उच्चारलेल्या नावातही माणूस पुरता उभा राहू शकतो, हे आपल्या आजीने आपल्याला व्याकरणावाचून शिकविले होते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला आक्षेप असा : कोलंबो स्वतःच तपशिलावर जगतो, मग त्याच्या भक्तांनी तपशील वेचले तर बिघडले कोठे? या आक्षेपाला उत्तर म्हणून १९७३ सालच्या एका भागाकडे बोट दाखवितो. एड्रियन कार्सिनी नावाचा मद्यरसज्ञ आपल्या सावत्र भावाचा घात करतो. प्रेत लपवीत असताना तळघराची थंड हवा बंद राहते आणि त्याच दिवसांत शहरात विलक्षण उन्हाळा पडलेला असतो. पुढे कोलंबो त्याला जेवणास नेतो आणि त्याच्याच तळघरातील बाटली, न सांगता, त्याच्यापुढे ठेववितो. कार्सिनी एक घोट घेतो आणि संतापून उठतो : हे मद्य उष्णतेने नासले आहे! जगात थोड्याच जिभांना ओळखता आली असती अशी ती चव ओळखून तो स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतो. त्याचा गुणच त्याचा फास होतो. शेवटी तुरुंगाच्या वाटेवर कोलंबो त्याच्याबरोबर एक उत्तम मद्य घेतो आणि दोघे एकमेकांचा मान राखून निरोप घेतात. याला आम्ही तपशील म्हणतो. उष्ण हवा, एक घोट, एक रागाचा झटका. प्रत्येकाला काम आहे आणि प्रत्येकातून माणूस दिसतो. कोलंबो कोण हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने तो शेवटचा प्याला पाहावा, ओळखपत्र नव्हे. कोलंबो तपशील वेचतो तो त्यातून सत्य बोलावे म्हणून. तपशीलपंथी वेचतो तो डबी भरावी म्हणून.

दुसरा आक्षेप : हा निरुपद्रवी खेळ आहे. रोनाल्ड नॉक्स याने १९११ साली शेरलॉक होम्सच्या कथांवर थट्टेने पांडित्यपूर्ण निबंध वाचला, तेव्हापासून वॉटसनची जखम खांद्याला की पायाला यावर चर्चा चालली आहे. त्याने कोणाचे काय गेले? काहीच नाही. पण नॉक्स हसत होता, आणि आपण हसतो आहोत हे त्याला ठाऊक होते. विनोदाचे विडंबन त्याच्या अनुयायांनी गांभीर्याने पाठ केले म्हणजे जे निपजते त्याला खेळ म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कॉलिन डेक्स्टरच्या इन्स्पेक्टर मोर्सचे पहिले नाव वर्षानुवर्षे गुप्त होते. १९९६ सालच्या कादंबरीत खुद्द लेखकानेच ते ‘एन्डेव्हर’ म्हणून सांगितले, आणि पुढे २०१२ पासून २०२३ पर्यंत तरुण मोर्सची त्याच नावाची एक चांगली मालिकाही झाली. मग? मग काहीच नाही. आमचे म्हणणे उलट दृढ होते. ते नाव कर्त्याने दिले, कथेत दिले आणि अर्थ भरून दिले : क्वेकर आईची सद्गुणवाचक नावे ठेवण्याची रीत आणि कॅप्टन कुकच्या जहाजाचे बापाला असलेले कौतुक. शब्दकोड्यांत रमणाऱ्या त्या एकाकी माणसाच्या संकोचाचे ते नाव हेच कारण होते. उखाण्यात नाव घेतात तसे ते प्रसंग पाहून घेतलेले आहे. मागणाऱ्याने हिसकावलेले नाव आणि देणाऱ्याने दिलेले नाव यांत हेच अंतर.

वस्तुतः हा वाद जुना आहे. शेक्सपिअरच्या पात्रांना खऱ्या माणसांप्रमाणे वागविण्याच्या प्रवृत्तीची टर उडविण्यासाठी एल. सी. नाइट्स याने १९३३ साली ‘लेडी मॅक्बेथला मुले किती?’ असे खोचक नाव आपल्या निबंधाला दिले. रोख होता ए. सी. ब्रॅडलीवर. न्यायासाठी सांगितले पाहिजे की, मॅक्बेथला मुले होती की नव्हती हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे, असे ब्रॅडलीनेही म्हटले होते. म्हणजे ज्याला या पंथाचा आचार्य ठरविले, त्यालासुद्धा कोठे थांबावे हे कळत होते. शिष्यांना कळत नाही. आणि आपल्याकडे तर नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनी हा काव्याचा आत्मा ठरविला. अवयवांहून निराळे असे जे लावण्य, तसा न सांगितलेला अर्थ शब्दांहून निराळा झळकतो, हे त्याने समजावून दिले. अवयवांची मोजदाद करून लावण्य हाती लागत नाही. ‘शाकुंतला’त दुष्यंताने अव्हेरल्यापासून पुनर्मीलनापर्यंतची शकुंतलेची वर्षे कालिदासाने सांगितली नाहीत; सिंहाच्या छाव्याशी खेळणारा मुलगा दाखविला आणि त्या मुलाच्या वयात ती सगळी वर्षे आपल्याला दिसली. त्या वर्षांची रोजनिशी कोणी लिहून काढील, तर तिचे पान न् पान खरे असले तरी ती शकुंतलेची विटंबना होईल.

कोणी म्हणेल, एका परदेशी पोलिसाच्या नावावरून एवढे रणकंदन कशाला? कारण हा रोग परदेशी राहिलेला नाही. वर्गात आम्ही रोज पाहतो. कादंबरीतील गावाचे नाव, नायिकेच्या लुगड्याचा रंग, घटनेचा वार, हे विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. नायिका त्या प्रसंगी गप्प का राहिली, असे विचारले की तो आपल्याकडे दयेने पाहतो, कारण याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नसते. दोष त्याचा नाही. पहिल्या प्रकारचे प्रश्न विचारणे सोपे, तपासणे त्याहून सोपे, म्हणून आम्ही अध्यापकांनीच त्याला तसे वळण लावले. आणि आता माहिती पुरविणारी यंत्रे खिशात आल्यावर हा संग्रह माणसाने करण्याचे कारणही उरलेले नाही. यंत्राला ‘फिलिप’ही सांगता येईल आणि ‘फ्रँक’ही. मौनाचा अर्थ लावणे मात्र वाचकानेच करावयाचे असते.

घरोघरी संध्याकाळी मुलांसह ज्या मालिका पाहिल्या जातात, त्या पाहतानाही हा भेद सांभाळता येईल. मुलाने विचारले, “याच्या बायकोला दाखवीत का नाहीत?” तर कोशातून उत्तर काढून त्याच्या हाती देऊ नये. “तुला ती कशी दिसते?” असे उलट विचारावे. उत्तर ऐकण्यासारखे असते. त्या घटकेपुरते का होईना, कथा पाहणारे मूल कथा करू लागते. आणि लेखकाने जागा रिकामी सोडली होती ती याच पाहुण्यासाठी.